वाचकांचे प्रश्न: मित्राचं नाव प्रार्थनेत घेताना

ख्रिस्तेतर मित्रमैत्रिणींसाठी प्रार्थना कशी करावी, याबद्दल आलेल्या काही पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. पत्रांत त्यांच्या मित्रांच्या घरातल्या गोष्टी आहेत. उद्या हा अंक त्या मित्रांच्याच हाती पडला, तर त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये.

लोको पायलट (रेल्वे इंजिनचालक), भुसावळ: माझ्या यादीत 43 नावं आहेत. रोज सगळी वाचतो, 'प्रभू, यांना तार' म्हणतो आणि तिथेच संपतं. मन लागत नाही. ड्यूटीच्या वेळाही ठरलेल्या नसतात. काय करावं?

दादा, 43 नावं म्हणजे शाळेतला हजेरीपट झाला. यादी पाचावर आणा. उरलेली नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि महिन्यातून एका रविवारी वाचा, म्हणजे ती सुटणार नाहीत.

पाच कुणाला घ्यायचं? गेल्या महिनाभरात ज्यांच्याशी समोरासमोर किंवा फोनवर बोलणं झालंय, त्यांना. 'तार' या शब्दापाशी तुम्ही अडता, त्यात तुमची भक्ती कमी पडते असं आम्हाला वाटत नाही. त्या माणसाच्या घरी सध्या काय चाललंय हेच ठाऊक नसलं, की मागायला दुसरं काही सापडत नाही.

साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने करा: तारीख, काय मागितलं, पुढे काय झालं. तिसरा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि म्हणूनच दोन महिन्यांत वही बंद पडते. उत्तर मिळालेलं असतं, पण कशाचं उत्तर ते आठवत नाही आणि देवाचे आभार मानायचे राहून जातात. 'अजून नाही' हेसुद्धा त्या रकान्यात लिहायचं.

समजा एक मित्र रावेरकडचा केळी उत्पादक आहे. मे महिना आहे. त्याच्या पानावर असं काही दिसायला हवं: 'मृगबागेचे घड भरलेत, वळवाच्या वादळाची धास्ती. मागच्या कापणीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत. थोरलीचं लग्न जमत नाही.' मग मागणं आपोआप सुचतं. 'प्रभू, त्याची बाग राख. त्याचे पैसे सुटू दे. आज रात्री त्याला नीट झोप लागू दे. मुलीला चांगलं स्थळ दाखव. त्याला तुझी ओळख होऊ दे, आणि त्या ओळखीच्या आड मी येत असेन तर कुठे ते मला दाखव.' हे म्हणायला मिनिटभरही लागत नाही. पुढच्या भेटीत 'व्यापाऱ्याचे पैसे आले का?' हा प्रश्न तुमच्या तोंडून सहज निघेल. तो त्याला आवडेल, कारण बहुतेक लोक एवढं लक्षात ठेवत नाहीत.

वेळेचं म्हणाल, तर प्रार्थना घड्याळाला बांधूच नका. तुमच्या ड्यूटीला घड्याळ नसलं तरी साइन ऑन, म्हणजे ड्यूटीवर हजर झाल्याची नोंद, असतंच. बॅग भरून झाली की निघण्याआधी दहा मिनिटं, किंवा रनिंग रूममध्ये (बाहेरगावच्या विश्रांतीच्या खोलीत) अंग टाकण्याआधी दहा मिनिटं, असं एक काहीतरी पक्कं करा. एका ड्यूटीला एक मित्र. गाडी हातात असताना मात्र वही मनातसुद्धा उघडू नका. सिग्नलकडे डोळे ठेवणं हीच त्या वेळची तुमची सेवा आहे.

या दहा मिनिटांत पहिलं मिनिट गप्प बसा. पुढची दोन मिनिटं त्या मित्रातल्या चांगुलपणाबद्दल आभार माना, पाच मिनिटं त्याच्या गरजा मांडा आणि शेवटची दोन स्वतःसाठी ठेवा. आभार आधी यासाठी, की ते राहिले तर पाच मिनिटांची प्रार्थना मित्राविरुद्धची तक्रार होऊन बसते: 'प्रभू, त्याचा गर्व मोड, त्याची दारू सोडव.' बायबलात 1 तीमथ्य 2:1 मध्ये सर्व माणसांसाठी करायच्या विनंत्यांच्याच ओळीत उपकारस्तुतीही आहे. स्वतःसाठी काय मागायचं ते कलस्सैकरांस 4:3-4 मध्ये पाहा. प्रेषित पौल तुरुंगात आहे, तरी सुटका मागत नाही. वचनासाठी दार उघडावं आणि आपल्याला स्पष्ट बोलता यावं, एवढंच तो मागतो.

चार दिवस चुकले तर मागचे खाडे भरत बसू नका. पाचव्या दिवशी ज्याची पाळी असेल, त्याच्यापासून सुरू करा. थकबाकी फेडायला पाऊण तास लागणार असं डोक्यात आलं, की माणूस बसायचंच टाळतो.

मंडळीचे (चर्चचे) खजिनदार, जळगाव: आमच्या मिशन फंडातून दौरे, पत्रकं आणि सुवार्तिकांचा प्रवास होतो. काही जण म्हणतात, घरी बसून मित्रासाठी प्रार्थना करणं हेही मिशनच. हे खरं आहे, की कामं टाळायची सबब?

खरं आहे. सबबही होऊ शकते. मत्तय 9:38 मध्ये प्रभू शिष्यांना, पिकाच्या धन्याकडे कामकरी मागा, असं सांगतो. लगेच दहाव्या अध्यायात तो त्याच शिष्यांना गावोगाव पाठवतो. मध्ये अध्यायाचा आकडा येतो म्हणून हा सांधा आपल्या नजरेतून सुटतो. ज्यांनी मागितलं, त्यांनाच जावं लागलं.

इतिहासातही हेच दिसतं. जर्मनीतल्या हर्नहूट इथल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीत 27 ऑगस्ट 1727 पासून 24 पुरुष आणि 24 स्त्रिया रात्रंदिवस तासातासाची पाळी लावून प्रार्थना करू लागले. ती साखळी शंभरहून अधिक वर्षं चालली. सुरुवातीनंतर पाचच वर्षांत, 1732 साली, त्यांच्यातले दोघे कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडे निघाले. आपल्या महाराष्ट्रात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत रोजच्या प्रार्थनेसाठी कोण येईल असं विचारलं, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. जूनअखेर ती संख्या 550 वर गेली. नंतर तिथल्या मुलींच्या टोळ्या सुवार्तेसाठी आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

तुमच्या मंडळीसाठी एक सोपी कसोटी सांगतो. तीन महिन्यांनी वही उघडून बघा. प्रार्थनेतून एकही भेट, एकही फोन, एखाद्या मुलाच्या फीसाठी धावपळ, यातलं काहीच निघालं नसेल, तर ती प्रार्थना घरातच अडकली आहे.

शिक्षिका, अमळनेर: सहकारी मैत्रिणीची आई धुळ्याला दवाखान्यात आहे. मी रोज प्रार्थना करते. तिला सांगू का? 'ही माझा धर्म बदलायला निघाली' असं तिला वाटेल अशी भीती वाटते.

ताई, सांगा, पण विचारण्याच्या रूपात सांगा. 'तुमच्या आईसाठी मी घरी प्रार्थना केली तर चालेल का?' या वाक्यातला 'घरी' हा शब्द सोडू नका. तिला काही करायचं नाही, कुठे यायचं नाही, हे त्या एका शब्दात कळतं. बहुतेक माणसं 'करा ना' म्हणतात. ती नको म्हणाली, तर 'बरं' म्हणून विषय संपवा आणि तिच्या वाटणीचा एखादा तास तुम्ही घ्या, म्हणजे तिला धुळ्याची लवकरची गाडी मिळेल. तुमच्या खोलीत तुम्ही देवापुढे तिचं नाव घ्याल, ते घ्या. पण मग ते ना तिच्याजवळ काढायचं, ना स्टाफरूममध्ये.

दवाखान्यात भेटायला गेलात आणि तिनेच 'इथे करता का' म्हटलं, तर पेशंटलाही विचारा. आजी अहिराणी बोलणाऱ्या असतील तर त्यांच्याच बोलीत: 'माय, तुमनाकरता देवजोडे मागू का?' (तुमच्यासाठी देवाजवळ मागू का?) उभं राहून वरून बोलू नका. स्टुलावर बसा, म्हणजे डोळे सारख्या पातळीवर येतात. डोक्यावर हात ठेवू नका. त्यांनी आपणहून हात पुढे केला तरच धरा. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची पुरे, शेजारच्या खाटेपर्यंत आवाज जाऊ नये इतकी हळू.

शब्द निवडून घ्या. मंडळीत रुळलेले आपले शब्द वॉर्डात फार वेगळे ऐकू येतात. 'तुझ्या रक्ताने हिला झाक' हे आपल्याला धीराचं वाटतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ज्या बाईला रक्ताची पिशवी लागलेली आहे, तिला त्याने काय वाटेल? 'अभिषेक', 'बंधनं तोड', 'अंधाराची सत्ता' हेही तिथे नको. 'देवा, या माउलीचं दुखणं कमी कर. डॉक्टरांच्या हाताला यश दे. घरच्यांना धीर दे. येशूच्या नावाने मागते, आमेन.' येशूचं नाव लपवू नका. तुम्ही कोणाकडे मागता हे मैत्रिणीला ठाऊक आहे, आणि लपवलंत तर उलट शंका येईल.

एक चूक मुरलेल्या विश्वासणाऱ्यांकडूनही होते. डोळे मिटून 'प्रभू, हिला कळू दे की तूच खरा मार्ग आहेस' असं मोठ्याने म्हणायचं. ते बोलणं देवाशी नसतं, खाटेवरच्या बाईशी असतं, आणि ती उठून जाऊ शकत नाही. सांगायचंच असेल तर ती बरी झाल्यावर, डोळे उघडे ठेवून, तिला उत्तर देता येईल अशा वेळी सांगा.

तिसऱ्या दिवशी फोन करून तब्येत विचारायला विसरू नका. प्रार्थना करून मग चौकशीच न करणारा माणूस आजारी घराच्या फार लक्षात राहतो.

तरुण संघ, पारोळा: आम्ही प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मित्रांची नावं, फोटो आणि अडचण टाकतो, म्हणजे सगळे मिळून प्रार्थना करतात. पाळकसाहेब नको म्हणतात. का?

पाळकसाहेबांचं ऐका. एखाद्याचं कर्ज, बायकोशी भांडण, मुलीचं मोडलेलं लग्न या गोष्टी त्याने मित्र म्हणून तुमच्या कानात सांगितल्या. ग्रुपवरचा मेसेज पुढे ढकलायला एक बोट लागतं, आणि पारोळ्यात तो संध्याकाळपर्यंत त्याच्या भावकीत पोचतो. मग त्याची बदनामी तुमच्या प्रार्थनेने केलेली असते. फोटो तर कधीच नको. 'तुमच्यासाठी आमच्या सभेत प्रार्थना केली तर चालेल का' असं विचारून त्याने हो म्हटलं, तरच नाव घ्या. नाहीतर 'एक मित्र, नोकरीची अडचण' एवढं देवाला पुरतं. ग्रुपवर आतापर्यंत जे टाकलंय, ते आजच पुसा.

सुवार्तिक, नवापूर तालुका: पाड्यांवर लोक आजाऱ्याला प्रार्थनेसाठी आणतात. काही जण बरं वाटलं की गोळ्या बंद करतात. काही मंडळीत यायला लागतात. यात आम्ही कुठे चुकतो?

याचं उत्तर जरा लांब होईल, कारण इथे चूक झाली तर जीव जातो.

साप चावला असेल तर आधी 108 ला फोन. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं आणि शांत ठेवा. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर करा. अंगठी, कडं, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. दोरी आवळायची नाही, चिरा मारायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. प्रार्थना गाडीत, वाटेत करा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी आपण हेच म्हटलं असतं. याकोब 5:14 मध्ये वडिलांना बोलावून तेल लावायला सांगितलंय, वैद्याला नको म्हणायला सांगितलेलं नाही.

तुमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. त्यात फसगत कशी होते, ते नीट समजून घ्या. हातापायांत, पाठीत जीवघेण्या कळा येतात आणि काही दिवसांनी ओसरतात. तो त्या आजाराचा स्वभावच आहे. नेमकी त्याच दरम्यान प्रार्थना झालेली असते. रविवारी मंडळीत 'बरा झाला' म्हणून साक्ष दिली जाते. घरचे औषध थांबवतात. पुढच्या कळा येतात, तेव्हा पोर जास्त हाल सोसतं, आणि वर 'तुझाच विश्वास कमी' हे ऐकतं. हे पाप आहे, आणि ते आपल्या पदरी पडतं. क्षयाचंही तसंच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, पण नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून प्रार्थना झाल्यावर दर वेळी मोठ्याने सांगा: 'गोळ्या चालू ठेवा. बंद करायच्या की नाही ते डॉक्टर सांगतील.' बरं झाल्याची साक्ष डॉक्टरांचा कागद हातात आल्याशिवाय देऊ नका.

'मंडळीत या म्हणजे बरं वाटेल' हे वाक्य तोंडातून कधीच जाऊ नये. तांदूळ, फी, गाडीभाडं यातली कुठलीही मदत प्रार्थनेला किंवा मंडळीला बांधू नका. आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्म मानण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलंय. प्रसार म्हणजे आपला विश्वास समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं. विश्वासाच्या बाजूनेही ते बरोबरच आहे. पौलाचं बोलणं ऐकणाऱ्या लुदियाचं अंतःकरण प्रभूने उघडलं (प्रेषितांची कृत्ये 16:14). ते पौलाचं काम नव्हतं, आपलंही नाही.

गृहिणी, धुळे: शेजारी कानबाई (खानदेशातली देवी) बसते, आखाजीला (अक्षय तृतीयेला) त्यांच्या लेकी माहेरी येतात. अशा दिवसांत आम्ही दार लावून त्या सणाविरुद्ध प्रार्थना करतो. ते बरोबर आहे का?

नाही ताई. दार उघडा. लेकी माहेरी आल्या आहेत, भावकी एका अंगणात जमली आहे, वर्षभर न बोललेले दोन भाऊ समोरासमोर बसले आहेत. प्रार्थनेला इतकं काही एकाच घरात वर्षातून क्वचितच मिळतं. सासरी जाच सोसणारी लेक, लग्न न जमणारा मुलगा, आखाजीला नव्याने बोली ठरणारा सालदार (वर्षाच्या करारावरचा शेतगडी), यांच्यासाठी मागा. विरुद्ध मागायला बसलं, की दुसऱ्या दिवशी नळावर त्या माउलीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

नैवेद्याचं प्रत्येकाने आपल्या विवेकाप्रमाणे ठरवावं. 1 करिंथकरांस अध्याय 8 ते 10 सलग वाचा, तुकडे वाचू नका. कानबाईचे रोट तसेही भावकीतच खातात, तुमच्यापुढे ते येणारच नाहीत. नको म्हणायचंच झालं तर हात जोडून, हसून, एका वाक्यात म्हणा. चर्चा त्या दिवशी नको.

आई, पाचोरा: माझा आठ वर्षांचा मुलगा वर्गमित्रासाठी प्रार्थना करतो, पण शाळेत त्याला 'तू नरकात जाशील' म्हणाला.

हे त्याने मोठ्यांकडून ऐकलंय. कुठे ऐकलं ते शोधा, आणि संडे स्कूलच्या बाईंशी बोला. मुलाला माफी मागायला लावा, शक्य असेल तर त्या मुलाच्या घरी जाऊन. प्रार्थनेत त्याला एकच वाक्य शिकवा: 'देवा, माझ्या मित्राला आनंदात ठेव आणि मला त्याच्याशी चांगलं वागू दे.'

दुकानदार, चाळीसगाव: जिवलग मित्रासाठी 11 वर्षं प्रार्थना करतो आहे. त्याच्यात काहीच बदल नाही. आता 'हा विषय माझ्यासमोर काढू नको' म्हणतो. प्रार्थना थांबवावी का? त्याच्याकडून सहा वर्षांपूर्वी दुकानासाठी घेतलेले काही पैसेही द्यायचे राहिलेत, पण तो मागत नाही, तो मुद्दा वेगळा.

प्रार्थना थांबवू नका. बोलणं थांबवा. त्याने स्पष्ट सांगितलंय, त्याचा मान राखा. तो कधीच विश्वास ठेवणार नाही असं आज कळलं, तरी तो तुमचा मित्र राहील ना? याचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या, कारण मित्राला ते उत्तर आपल्या वागण्यातून आधीच कळलेलं असतं.

पुढे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका एका बिशपकडे गेली. माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा, असा तिने धोशा लावला. बिशपने साफ नकार दिला. तो अजून ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, त्याच्यासाठी फक्त प्रभूकडे मागत राहा, असं त्याने सांगितलं. पुढे बरीच वर्षं गेली. 387 साली मिलानमध्ये ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात आला. पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरात झाला, तो कृष्ण पाल या सुताराचा. त्या ओळखीत फक्त उपदेश नव्हता. त्याचा खांदा निखळला होता आणि मिशनच्या डॉक्टरने तो बसवला होता. आपल्याकडे नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्यांनी काय सोसलं ते मराठी माणसाला सांगायला नको. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या ओढीने फरफटत नाही. वर्षांची ही गणितं तुमच्या मित्राला लावू नका. प्रत्येकाचं उत्तर असंच येतं, असं वचन कुठेही नाही. पौलाने आपल्या लोकांसाठी कळकळीने मागितलं (रोमकरांस 10:1), आणि त्यातल्या पुष्कळांनी ऐकलं नाही.

वहीतलं मागणं मात्र बदला. 11 वर्षं एकच वाक्य लिहिलं असेल तर वर्षभर ते बाजूला ठेवा. त्याची तब्येत, त्याचा धंदा, त्याची म्हातारी आई यांच्यासाठी मागा.

पैशांचा मुद्दा वेगळा नाही, भाऊ. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीजवळचं अर्पण तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. तो मागत नाही याचा अर्थ विसरला असा होत नाही. तुम्ही देवाबद्दल बोलता तेव्हा त्याच्या मनात ती रक्कम उभी राहत असेल, आणि 'विषय काढू नको' यातला विषय कोणता, हे तुम्ही अजून त्याला विचारलेलं नाही. या आठवड्यात त्याच्या घरी जा. एवढी वर्षं झाली, माझं चुकलं, असं म्हणा. सगळे पैसे असतील तर सगळे द्या. नसतील तर महिन्याला किती आणि कुठल्या तारखेला, ते कागदावर लिहून सही करून द्या, आणि पहिला हप्ता त्याच वेळी त्याच्या हातात ठेवा. त्या भेटीत येशूचं नाव काढू नका.